आधी गाणं, मग बोंड

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. मधला महिनाभर यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडच्या पोरींच्या संध्याकाळी तिच्या मालकीच्या. बसते म्हणजे कोनाड्यात नाहीतर पाटावर मातीची जोडी मांडायची: भुलाबाई आणि भुलोबा, म्हणजे पार्वती नि शंकर, आणि सोबत त्यांचं बाळ. दिवेलागण झाली की आळीतल्या मुली जमतात, एका घरून दुसऱ्या घरी जात प्रत्येक भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखून फस्त करतात. त्या गाण्यांची ही पुस्तिका आहे. प्रस्तावनेत संग्राहकांचे कष्ट, परंपरेची थोरवी आणि नव्या पिढीची उदासीनता असे तीन परिच्छेद लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. कष्ट झालेच आहेत, ते पानोपानी दिसतील. बाकीचे दोन परिच्छेद मी गाळते, कारण मला एकच मुद्दा जरा भांडून मांडायचा आहे. ही गाणी विनोदी आहेत, लहान मुलींची आहेत, आणि त्यातली निम्मीअधिक खाण्याबद्दल आहेत. आपण मोठ्यांनी त्यांचं फार गंभीर करून ठेवलं आहे.

तसं होण्याला कारण आहे. मराठीत बायकांची गाणी गोळा करायचं काम ज्यांनी केलं, त्यांच्यापुढे आधी आली ती ओवी. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या एकत्र केल्या. सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड काढले. दुर्गा भागवतांनी या साहित्याकडे कसं पाहायचं त्याची शिस्त घालून दिली. ओवी पहाटेची. जात्यावर बसलेल्या एकट्या-दुकट्या बाईची. घर झोपलेलं असतं, दळण सरत नसतं, आणि माहेर, भाऊ, आई सगळं मनात येत असतं. तिथे डोळ्यांत पाणी असायचंच. मग त्याच नजरेने आपण भोंडल्याकडे, हादग्याकडे, भुलाबाईकडे पाहू लागलो. गाण्यात सासू आली, की लिहा सासुरवास. नणंद आली, की लिहा छळ. पण भुलाबाईचं गाणं म्हणतं कोण? आठ-दहा-बारा वर्षांची पोरगी. ती सासरी गेलेली नसते. तिची एक नजर टिपरीवर असते आणि दुसरी कोपऱ्यातल्या डब्यावर. तिला सासू ही गोष्टीतल्या राक्षसिणीइतकीच खरी आणि तितकीच मजेची.

कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. ते महाराष्ट्रभर सगळ्यांना येतं, म्हणून इथे उतरवत नाही, आत छापलेलं आहेच. सून म्हणते, मला माहेरी जाऊ द्या. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. आता कोंब येऊ दे. आला. वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे, जेवणं होऊ देत, उष्टं निघू दे. अभ्यासक याला सासूचा कावा म्हणतात, आणि तो आहेही. पण राळेगावची कुठलीही शेतकऱ्याची पोर एक गोष्ट मनात चटकन मोजते. कारलं पेरल्यापासून हाताला लागायला दोनेक महिने जातात. भुलाबाईचा मुक्काम महिन्याचा. म्हणजे भादव्याच्या पुनवेला बी टाकलं, तर कोजागिरी उलटून जाईल तरी भाजी शिजायची नाही! सासूने शेतीचं वेळापत्रकच सुनेच्या रजेच्या अर्जाला जोडलं आहे. ही थट्टा पिकाचे दिवस ठाऊक असलेल्याला अधिक कळते. शहरातल्या मुलीला ती साखळी नुसती लांबत जाणारी वाटते. इथल्या मुलीला ती किती लांबणार तेही माहीत असतं. गाणं म्हणताना मुली शेवटी शेवटी वेग वाढवतात, श्वास पुरत नाही, कुणीतरी मधली पायरी विसरतं आणि सगळ्या फिदीफिदी हसतात. एवढ्या हसण्यावर करुणरसाचा शिक्का मारायचा, तर मारणाऱ्याने आधी एकदा तो घोळका पाहावा.

वेड्याचं गाणं तर उघडउघड चावट. वेड्याच्या बायकोने हौसेने काहीबाही करून ठेवायचं आणि या गृहस्थाने त्याचं भलतंच काही समजायचं. लाडू केले, तर याने चेंडू म्हणून खेळून घेतलं. करंज्या केल्या, तर होड्या म्हणून पाण्यात सोडल्या. शेवया पाहून त्याला गांडुळं आठवली. घराघरांत पदार्थ बदलतात, कुणाकडे चकली येते, कुणाकडे पापड, आणि या पुस्तिकेतही एकाच गाण्याचे पाठ वेगवेगळे आहेत. रचना मात्र पक्की आहे. एक कडवं, एक पदार्थ, एक चूक. मुलांना पदार्थ ओळखता येतो, वेड्याला येत नाही, म्हणून मुलं हसतात. आपल्यापेक्षा बावळट असा एक मोठा माणूस गाण्यात सापडणं हे लहानपणचं फार मोठं सुख आहे. या गाण्याच्या काही पाठांत शेवट काळाकुट्ट होतो. बायको झोपलेली असते, वेड्याला ती मेलेली वाटते, आणि तो तिला जाळून मोकळा होतो. हे कडवं ठेवावं की गाळावं यावर पुस्तिका तयार होताना बरीच चर्चा झाली. मी ठेवा म्हणाले. करंजीची होडी करणारा माणूस थांबणार कुठे, हे गाणं स्वतःच सांगतं. मुली ते कडवं सर्वांत जोरात म्हणतात. त्यांना भीती आणि हसू एकाच घोटात चालतं. आपल्यालाच चालत नाही.

नणंद-भावजयीच्या गाण्यातही सगळा खटला शिंक्यावरच्या लोण्यावर उभा आहे. ते खाल्लं कोणी, एवढ्या प्रश्नावर दोघींची जुंपते. भुलाबाईच्या डोहाळ्यांच्या गाण्यांत महिन्यागणिक तिला काय खावंसं वाटतं त्याची यादी चालते. म्हणजे कडू कारलं, गोड करंजी, चोरलेलं लोणी, डोहाळ्यांची आंबट-चिंबट फळं. कुठलंही गाणं उघडा, आत स्वयंपाकघर निघतं.

याचं कारण महिन्यातच आहे. भाद्रपद-आश्विन म्हणजे विदर्भात पाऊस आवरता घेण्याचा काळ. मूग-उडीद घरात आलेला, सोयाबीन कापणीला आलेलं, तूर हिरवीगार वाढत असलेली, आणि कपाशीची पहिली बोंडं फुटायला लागलेली. राळेगाव, वडकी, वाढोणा बाजार, झाडगाव, खैरी या पट्ट्यात काळ्या मातीची कपाशी ही मुख्य गोष्ट. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी जाते, पलीकडे वर्धा जिल्हा. या दिवसांत बाजारात काकड्या, वाळकं, चवळीच्या शेंगा, दोडकी, कारली, शिंगाडे येतात आणि मागोमाग सीताफळं. कोहळंही याच काळात पिकतं. भुलाबाई बसते त्याच्या दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागतो. मोठ्यांच्या लेखी हा पंधरवडा गप्प राहण्याचा. नवीन खरेदी नको, शुभकार्य नको. पोरी मात्र रोज संध्याकाळी टिपऱ्या बडवत गात असतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. पितरांच्या पानात कारलं आणि कोहळं या दोन्ही भाज्या अनेक घरी लागतात, आणि तीच कारली रात्री गाण्यात येतात. मोठ्यांनी दिवसा सोवळ्याने रांधलेली भाजी मुलींनी रात्री थट्टेला घ्यावी, यात मला भुलाबाईचा खरा खट्याळपणा दिसतो.

आता खिरापत. पश्चिम महाराष्ट्रात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात, खानदेशात गुलाबाई मांडतात, आमच्याकडे भुलाबाई. चाली वेगळ्या, देवताही वेगळ्या, पण खिरापत ओळखायचा खेळ सगळीकडे आहे, आणि माझ्या मते या उत्सवाचा कणा तोच. गाणी संपतात. यजमानघरची मुलगी झाकणाचा डबा घेऊन येते. डब्यावर रुमाल. ती तो कानाशी धरून हलवते. खडखडला तर फुटाणे किंवा शेंगदाणे. खुळखुळला तर मुरमुरे, पण मुरमुऱ्यांत खोबऱ्याचा तुकडा घालून आवाज बदलायची युक्ती जुनी आहे. नुसता धप आवाज आला तर केळं किंवा लाडू. काहीच आवाज आला नाही की सगळ्या सावध होतात. वाटली डाळ असेल, शिरा असेल, दहीपोहे असतील. मग प्रश्न सुरू होतात. गोड की तिखट? कोरडं की ओलं? तळलेलं की उकडलेलं? पांढरं की पिवळं? यजमानीण खोटं बोलू शकत नाही, पण आढेवेढे घेऊ शकते. 'गोडही आहे आणि नाहीही,' असं उत्तर आलं की एखादी अनुभवी मुलगी लगेच म्हणते, 'गूळ-दाणे.' ओळखता आली नाही तर त्या घरची आई आठवडाभर ताठ मानेने हिंडते. ओळखली तर मुली ताठ मानेने खातात.

या खेळाकडे जरा बारकाईने पाहावं. चव ही जिभेची गोष्ट. इथे ती आधी कानाने, मग नाकाने, मग शब्दांनी पकडायची असते, आणि जिभेची पाळी सगळ्यात शेवटी येते. शाळेत पदार्थांचे गुणधर्म शिकवताना बाई फळ्यावर तक्ता काढतात. इथे तोच तक्ता आठ वर्षांची मुलगी दुसऱ्या आठ वर्षांच्या मुलीकडून रोज तोंडी काढून घेते, आणि बक्षीस हातावर पडतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणात बडबडगीतांना मानाची जागा दिली, ती मुलांची भाषा बोलण्या-खेळण्यातून वाढते म्हणूनच. त्यांचं म्हणणं या खेळात आयतंच उतरलेलं आहे.

कोहळ्यावर मी थोडं जास्त रेंगाळणार आहे. कोहळं म्हणजे आमच्याकडे लाल भोपळा. कुंपणावर, गोठ्याच्या कौलांवर, उकिरड्याच्या कडेला याचा वेल आपोआप पसरतो, आणि आश्विनात त्या वेलाला अशी जड फळं लटकतात की कौलं फुटतील म्हणून घरधनी खालून फळी टेकवतो. सबंध फळ सहसा कुणी एकट्याने घेत नाही. बाजारात फोडून, बिया दिसतील अशी फाक मांडतात आणि आत किती केशरी आहे ते पाहून गिऱ्हाईक बोट दाखवतं. त्याची बाकर भाजी सणावाराला होते. त्यात खसखस, खोबरं, तीळ आणि चारोळी पडते. ही चारोळी आमच्याच जिल्ह्याच्या जंगलांतली, उन्हाळ्यात गोंड-कोलाम बायका चाराची फळं वेचून, फोडून काढतात ती. पण मुलांचा पदार्थ म्हणजे कोहळ्याचं बोंड. फोडी वाफवायच्या नाहीतर कीस परतायचा, गरम असतानाच गूळ घालायचा, तो विरघळला की मावेल तेवढी कणिक, थोडा रवा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ. पीठ सैलच ठेवायचं. हाताने उचलून, अंगठ्याने ढकलून तेलात सोडायचं. ते वेडंवाकडंच पडतं, त्याला एखादं शेपूट फुटतं, आणि मुलं त्या शेपटासाठी भांडतात. पुण्या-साताऱ्याकडचे घारगे याचेच भाऊबंद, फक्त थापलेले, गोल, शिस्तीतले.

या कोहळ्याचं मूळ गाव कुठलं? अमेरिका खंड. मेक्सिकोतल्या ओहाका प्रांतातल्या एका गुहेत सापडलेल्या, याच्याच कुळातल्या भोपळ्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. मिरची, मका, शेंगदाणा, पेरू, सीताफळ यांच्याप्रमाणे हेही फळ अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलं. दुधी मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी आता विचार करावा की ती कुठल्या भोपळ्यात बसली असेल. वाळवून पोकळ केलेल्या दुधीत, की लाल कोहळ्यात? चित्रकार नेहमी लाल काढतात. वाघाला फसवायचं तर तो अधिक शोभतो हे मात्र खरं.

ज्या खंडातून कोहळं आलं, तिथे शरद ऋतूची चव म्हणून आज जे मिरवतं, तेही कोहळ्याचंच नाव घेऊन. अमेरिकेत ऑक्टोबर लागला की दारोदारी भोपळे मांडतात, आणि दुकानांत 'पम्पकिन स्पाइस' नावाच्या स्वादाची कॉफी, बिस्किटं, मेणबत्त्यासुद्धा येतात. मॅककॉर्मिक या मसाल्याच्या कंपनीने भोपळ्याच्या 'पाय' या पदार्थासाठी तयार मसाल्याची डबी १९३४ साली बाजारात आणली. दालचिनी, आलं, जायफळ वगैरेंचा तो मेळ. स्टारबक्सने २००३ साली त्या मसाल्याची कॉफी काढली आणि तिने धुमाकूळ घातला. गंमत अशी की त्या कॉफीत भोपळाच नव्हता. तो २०१५ साली घातला गेला. इतकी वर्षं लोक भोपळा समजून जायफळ-दालचिनी पीत होते! साहजिकच या वेडाची टिंगल करणारी विनोदी गाणी तिकडे मुलांसाठीही निघाली. ती गाणी आणि आपलं वेड्याचं गाणं एकाच जातीची आहेत. पदार्थ समोर आहे, पण तो आहे काय हेच खाणाऱ्याला कळलेलं नाही.

या देवाणघेवाणीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. कोहळं तिकडून इकडे आलं, आणि दालचिनी, जायफळ, लवंग, आलं इकडच्या समुद्रांवरून तिकडे गेलं. दोन्ही एकत्र आले ते तिकडे पायमध्ये आणि इकडे बोंडात. राळेगावच्या कढईत पडणारं बोंड आणि शिकागोतल्या दुकानातली कॉफी या दोहोंत जायफळ आहे. फरक इतकाच की आमच्या पदार्थात पहिल्या दिवसापासून कोहळं आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळांत नवरात्राच्या सुमारास भोंडला होतो, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरले जातात. तिथे वाढणाऱ्या एखाद्या मुलीला आईने बोंडं करून डब्यात घालून दिली, तर तिने ती ओळखताना गोंधळू नये, एवढ्यासाठी हा विस्तार.

या पुस्तिकेत बोंडावरचं स्वतंत्र गाणं नाही, ही उणीव मला खटकली. बोंडाच्या प्रदेशात कारल्याला गाणं आणि बोंडाला नाही, हा अन्याय आहे. शिवाय आमच्याकडे आश्विनात बोंडं दोन ठिकाणी असतात, शेतात कपाशीला आणि घरात कढईत. म्हणून संपादकांच्या परवानगीने मीच काही ओळी जुळवल्या. त्या परंपरागत नाहीत, नव्या आहेत, हे स्पष्ट सांगते, म्हणजे उद्या कुणी त्यांत सासुरवास शोधायला नको.

कोहळ्यानं घातली मांडी, बसलं चुलीपाशी,
गूळ म्हणे, 'सरक जरा, मी बी आहो उपाशी!'
कणिक आली नटूनथटून, तेल झालं लाल,
कढईत पडता बोंड म्हणे, 'आई गं, माझे गाल!'

शेतामधलं बोंड रुसलं, 'मले का नाही गोडी?'
आजी म्हणे, 'तुलेच खाल्लं त नेसू कोनती साडी?'

टिपरीच्या तालावर म्हणून पाहिल्या. चौथ्या ओळीला मुली गालांवर हात ठेवतात, हे मी शिकवलेलं नाही.

ओळींत 'मले', 'तुले', 'त', 'कोनती' आहे. संग्रहातल्या पारंपरिक गाण्यांतही ही वऱ्हाडी रूपं तशीच ठेवली आहेत, आणि याबद्दल मी संपादकांची ऋणी आहे. भुलाबाईची गाणी छापताना ती शुद्ध करायचा मोह फार जणांना होतो. 'मले' चं 'मला' केलं की मात्रा बिघडते, टिपरी चुकते, आणि मुख्य म्हणजे ती पोरगी गाण्यातून निघून जाते. मुली शाळेत प्रमाण मराठी लिहितात, तिथे ती लिहिलीच पाहिजे. भुलाबाईपुढे त्यांना परीक्षेला बसवू नये. मुलग्यांना पोळ्याला झडत्या म्हणताना त्यांची बोली कुणी सुधारत नाही. उलट जितकी रांगडी तितकी वाहवा. हाच न्याय मुलींना लावावा.

गाण्यांभोवतीच्या काही गोष्टी मात्र खरोखरच बदलल्या आहेत, आणि त्या शेतातून बदलल्या आहेत. कोजागिरीच्या रात्री भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. पाच उंच धांडे, वर कणसं तशीच. पूर्वी शेतात जाऊन उपटून आणायचं, एवढंच काम. सोयाबीन आलं तसं विदर्भातलं खरिपाच्या ज्वारीचं क्षेत्र झपाट्याने घटलं. रानडुकरांनी उरलीसुरली ज्वारी परवडेनाशी केली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि शिवारं एका पिकाने भरून गेली. कपाशीच्या ओळींत चवळी, वाळूक, अंबाडी लावायची जुनी रीत तणनाशकाच्या फवाऱ्यात टिकत नाही. परिणामी आज मखरासाठी पाच धांडे मिळवायला कुणाच्या तरी शेताचा शोध घ्यावा लागतो, आणि कोहळं कुंपणावरून न येता बाजारातून येतं. लोकगीत का मागे पडतं याची उत्तरं आपण टीव्हीत आणि मोबाइलमध्ये शोधतो. थोडी पीकपेऱ्याच्या नोंदीतही शोधावीत.

नवरात्रात तर स्पर्धाच असते. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा, रोषणाई पाहायला तालुक्या-तालुक्यांतून गाड्या भरून जातात. गावातही डीजेवर गरबा सुरू होतो आणि त्यापुढे दहा-बारा मुलींचा आवाज कुठे पोचणार? मला गरब्याबद्दल राग नाही. पण डीजेपुढे मुलगी नाचते, आणि गाणं दुसऱ्याचं असतं. भुलाबाईपुढे गाणं तिचं असतं, चुकलं तर तीच चुकवते, नवं कडवं घालायचं तर तीच घालते. काही शाळांनी आता भुलाबाईच्या स्पर्धा सुरू केल्या आहेत. उपक्रम चांगला. फक्त परीक्षकांना विनंती, की नऊवारीला आणि नथीला गुण कमी द्या. नवं, हसवणारं कडवं रचलेल्या गटाला जास्त द्या. आणि खिरापत ओळखायचा खेळ वेळ वाचवण्यासाठी गाळू नका.

कोजागिरीला आटीव दुधात केशर, वेलदोडा, चारोळी पडते, घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, आणि भुलाबाई उठते. त्या रात्री खिरापती एक-दोन नसतात, घरोघरच्या डब्यांची रास लागते आणि ओळखता ओळखता मुलींची झोप उडते. पुस्तिकेतला शेवटचा भाग त्या रात्रीच्या गाण्यांचा आहे. पालकांनी ती गाणी मुलींना पाठ करायला लावू नयेत. स्वतः म्हणावीत, मधली ओळ मुद्दाम चुकवावी, आणि मुलींना ती दुरुस्त करू द्यावी. मुलगे ऐकायला आले तर त्यांनाही टिपऱ्या द्याव्यात. ते येतात खिरापतीसाठी, पण गाणं म्हटल्याशिवाय ती मिळणार नाही असा नियम घरी करता येतो.

शेवटची पानं कोरी ठेवली आहेत. तुमच्या गावात कारल्याच्या गाण्याची एखादी पायरी जास्त असेल, वेड्याने इथे न आलेला एखादा पदार्थ चुकीचा ओळखला असेल, किंवा तुमच्या आजीला बोंडावरचं एखादं जुनं गाणं ठाऊक असेल, तर ते त्या पानांवर लिहा. सोबत गावाचं नाव आणि त्या दिवशीची खिरापत काय होती तेही लिहा. पुढच्या आवृत्तीत ते छापायचं ठरलं आहे.